चिखलातलं माझं जंगल

“तुमी त्या चिखलात कदी उतारलास काय?”

प्रश्न अगदी मागून आला. मी हातातल्या छडीनं तक्त्यावरचं कांदळाचं झाड दाखवत होतो आणि त्याच्या मुळांत माशांची पिल्लं कशी वाढतात ते सांगत होतो. साखरतळीच्या शाळेचा व्हरांडा, समोर तीस-पस्तीस बायका. प्रश्न विचारणारी पन्नाशीची, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेली. तिचं नाव भागीरथी मालंडकर. गाव तिला भागीकाकी म्हणे.

“उतरायची गरज नसते, मावशी,” मी म्हणालो. “शास्त्रीय पाहणी झालेली आहे.”

“कोणी केल्यान?”

“मी.”

“खयसून?”

पाहणी मी खाडीच्या बंधाऱ्यावर उभं राहून दुर्बिणीतून केली होती. ते सांगण्याऐवजी मी तक्ता पालटला.

ही सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, एम.एस्सी. पहिल्या वर्गात पास, आणि एका पर्यावरण संस्थेचा प्रकल्प अधिकारी. नाव बसवराज बिराजदार, गाव जत तालुक्यात, जिथे टँकर आला की आम्ही त्याला समुद्र समजत असू. खरा समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो एकविसाव्या वर्षी, कॉलेजच्या सहलीत, आणि त्याच्यात घोट्यापर्यंत जाऊन परत आलो. पोहता येत नव्हतं. पण पुस्तकातला समुद्र मला असा काही पाठ होता की खऱ्या समुद्रानं काही वेगळं केलं, तर मला त्याचीच चूक वाटायची.

खाडीकाठी कांदळाची पाच हजार रोपं लावायची, हे माझं काम. कांदळ म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडं, किनाऱ्याची धूप थांबवणारी. कल्पना उत्तमच होती. अडचण एवढीच, की कांदळ जिथे वाढतो ती वरच्या काठाची जमीन अकरा भाऊबंदांची होती आणि अकराही जण एका कागदावर सही करायला तयार नव्हते. त्याच्या खाली मात्र, ओहोटीला उघडा पडणारा मैलभर चिखल होता. त्याला मालक नव्हता. माझ्या नकाशावर ती जागा कोरी होती. ज्या जागेला कुणाची सही लागत नाही ती पडीक, असं धरून मी तिला हिरव्या पेन्सिलीनं रंगवून टाकलं.

“थय तिसरे असत,” भागीकाकी म्हणाली.

तिसरे म्हणजे तिसऱ्या, चिखलाखाली राहणारे शिंपले. सुकतीला, म्हणजे ओहोटी लागली की, गावातल्या बायका पाट्या घेऊन त्या चिखलात जात, पायांनी चाचपत, हातांनी उकरत आणि दुपारी बाजारात वाटे मांडून बसत. पुरुष बोटींवर. घरातलं मीठ-मिरची, पोरांच्या वह्या, औषधपाणी, सगळं ह्या तिसऱ्यांवर. हे मला माहीत होतं. मी ते अहवालात एका ओळीत लिहिलंसुद्धा होतं.

“तुम्ही थोडं बाजूला सरकून वेचा,” मी म्हणालो.

“आमी सरकू. तिसरे सरकतत काय?”

व्हरांडा हसला. मलाही हसायला हवं होतं. मी मात्र घसा खाकरून ‘निसर्गासाठी थोडा त्याग’ ह्या विषयावर दहा मिनिटं बोललो. ज्या बायका सकाळी सहाला गुडघाभर गार चिखलात उतरून आलेल्या होत्या त्यांना त्यागाबद्दल सांगत होतो मी, इस्त्रीचा शर्ट घालून.

डिसेंबरात लागवड झाली. गावातलं कुणी आलं नाही, म्हणून मजूर बाहेरून आणले. पाच हजार रोपं, प्रत्येकाला संस्थेची पिवळी पट्टी. गुरं आणि माणसं आत शिरू नयेत म्हणून सगळीकडून बांबू ठोकून नायलॉनचं बारीक जाळं लावलं. बंधाऱ्यावर पाटी लावली: ‘कांदळ तोडणे गुन्हा आहे.’ अक्षर माझंच होतं. मी त्या पाटीशेजारी उभा राहून फोटो काढून घेतला आणि घरी पाठवला. वडिलांनी उत्तरात विचारलं, झाडं कुठं आहेत? फोटोत फक्त मी आणि पाटी होतो.

महिन्याभरात रोपं कमी व्हायला लागली. आज पन्नास, उद्या शंभर. माझ्या पुस्तकात रोपं अशी जात नसत, म्हणजे कुणीतरी नेत असणार. मी दुर्बीण घेऊन करंजाच्या झाडामागे दबा धरून बसायला लागलो. गाव ते रोज पाहत होतं, हे मला नंतर कळलं. शालन नावाची भागीकाकीची पुतणी मला ‘करंजातलो घुबाड’ म्हणत असे.

तिसऱ्या दिवशी चोर सापडला. जाळ्याच्या फाटक्या कोपऱ्यातून भागीकाकी आत शिरली, वाकली, एक रोप उचललं, पाटीत ठेवलं, वर गोणपाट टाकलं. मग दुसरं. मग तिसरं. मी घड्याळात वेळ पाहून टिपून घेतली.

मी तिला हाक मारू शकलो असतो. ती दोनशे पावलांवर होती. पण ती दोनशे पावलं चिखलातली होती, आणि कागद जवळ होता. मी पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार दिली. दोन पानी, नावानिशी.

तिला बोलावणं आलं ते नेमकं उधाणाच्या दिवसांत. पुनवेच्या आसपास पाणी सगळ्यात लांब ओसरतं, एरवी न दिसणारा तळ उघडा पडतो, आणि बायका तेव्हाच पाट्या भरभरून तिसऱ्या आणतात. त्यातले दोन दिवस भागीकाकी ठाण्याच्या बाकावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून होती. येणारा-जाणारा, बाजाराला निघालेला, प्रत्येक जण तिला पाहत होता. जन्मात ती त्या पायऱ्या चढलेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी ती मला रस्त्यात भेटली. मी नजर चुकवली नाही. मला अजून वाटत होतं की चुकवायची ती तिनं.

“माका इचारूक काय झाला हुता तुका?” ती म्हणाली. रागावून नाही. खरंच कळत नसल्यासारखं.

“कायद्यापुढे सगळे सारखे असतात,” मी म्हणालो.

 तिनं पाटी डोक्यावर चढवली आणि गेली.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात संस्थेच्या संचालक मृणालताई वर्दे यांचं पत्र आलं. ज्या कंपनीनं पैसे दिले होते तिचे साहेब चार दिवसांनी रोपवन बघायला येणार. मी धावत बंधाऱ्यावर गेलो आणि दुर्बिणीतून मोजलं. पाच हजारांपैकी पानं असलेली रोपं उरली होती एकोणीस. बाकीच्या काड्या. बऱ्याचशा काड्याही आडव्या.

आता सांगायला लाज वाटते ते सांगतो. मी पाटीकडे पाठ केली, खाडीच्या वळणापलीकडे गेलो, तिथे जुनं, दाट, कुणी न लावलेलं कांदळवन होतं, आणि कोयतीनं त्याच्या फांद्या तोडायला सुरुवात केली. दोन दिवसांत सहाशे. कांदळाच्या रक्षणासाठी पगार घेणाऱ्या माणसानं त्या खाडीत केली तेवढी तोड गावानं दहा वर्षांत केली नव्हती. फांद्या मोळ्यांनी आणून बंधाऱ्यालगत, जिथे फळ्या टाकून पोचता येत होतं, तिथल्या रांगांमध्ये खोचल्या. साहेबांची वेळ अकराची ठेवली. तोवर भरती अर्धी चढलेली असणार, पाण्यावर फक्त हिरवे शेंडे दिसणार, आणि जवळ जाऊन बुंधा बघायची कुणाची हिंमत होणार नाही. इतकं बिनचूक गणित मी परीक्षेतही मांडलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी फक्त खाडीकडचा कोपरा राहिला होता. तो जरा लांब होता, तिथवर फळ्या नव्हत्या. मी संस्थेनं दिलेले गमबूट घातले, एक मोळी काखेत, कोयती हातात, आणि उतरलो. पहिली वीस पावलं बरी गेली. एकविसाव्या पावलाला उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला. तो काढायला डाव्यावर जोर दिला, तर डावा मांडीपर्यंत गेला. मग उजवाही त्याला भेटायला गेला.

आधी मी शांत राहिलो. पुस्तकात असं शांत राहायला सांगितलेलं असतं. मग पाणी आलं. चिखलावरून ते पातळ पापुद्र्यासारखं सरकत येतं, आवाज न करता. दहा मिनिटांत मोळी तरंगायला लागली. आणखी दहा मिनिटांत कमरेचा पट्टा भिजला.

खाडीतून एक लहान होडी घराकडे परतत होती. भागीकाकी आणि शालन. शालननं मला पाहिलं.

“काय करतात थय?” ती ओरडली.

आणि मी, कमरेपर्यंत बुडालेला, हातात कोयती, ओरडून उत्तर दिलं, “पाहणी करतोय!”

होडी थांबली. दोघी काही बोलल्या. मग वल्हं जाळ्याच्या फाटक्या कोपऱ्याकडे वळलं.

“पाणी चढता,” भागीकाकी जवळ येऊन म्हणाली. “पाहणी मगे कर. आदी भायर ये.”

“येता येत नाही.”

“पोवूक येता काय?”

“नाही.”

“पोवूकय येना नाय!” शालन म्हणाली. “आणि दर्याचो सायब!”

“गप गो,” भागीकाकी म्हणाली. तिनं होडीतली बसायची फळी उचकटली आणि माझ्यापुढे चिखलावर टाकली. “कोयती टाक. फळयेर पोटार पड. हालू नको. जितको हालतलंस तितको खाली जातलंस.”

“शर्ट...” मी म्हणालो. खरंच म्हणालो. साहेब येणार होते ना.

 एका हातानं होडीची दोरी धरून ती फळीवर आडवी झाली, पाण्यात खांद्यापर्यंत हात घातला आणि माझ्या मांडीभोवतीचा चिखल उकरून काढायला लागली. तिचा श्वास माझ्या कानाशी लागत होता. पाणी माझ्या छातीला लागलं. मला आईची आठवण आली, आणि मग एकदम भीती. रडू आलं, पण तोंडाला चिखल असल्यामुळे कुणाला दिसलं नसावं.

“पायाक काय लागता?” तिनं विचारलं.

“काही नाही. नुसतं मऊ.”

“तिसरे लागूक व्हये हुते,” ती म्हणाली. उकरणं चालूच होतं, आवाज नेहमीचाच. “हय चिखल घोट्याएवढो हुतो. खाली घट रेव. माजी आवय हय नाचत चलायची. तुज्या जाळ्यान पाणी अडला. प्लास्टिक अडकला, गाळ बसलो. तिसरे घुसमाटले. आता बूट सोड.”

“काय?”

“बूट. थयच सोड. पाय तेवडो ओड.”

मी पाय ओढला. बूट खाली राहिले, अजूनही असतील. दोघींनी मला काखेत धरून होडीत लोटलं, मासळी लोटतात तसं. मी तळाशी पडून खोकत होतो. भागीकाकीनं वाहून चाललेल्या मोळीतली एक फांदी उचलली, तिचा कोयतीनं तासलेला बुंधा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि फांदी हळूच पाण्यात सोडून दिली.

ह्या बाईला मी दोन दिवस ठाण्यात बसवलं होतं.

तिचं घर खाडीच्या काठालाच होतं. विहिरीवर तिनं माझ्या डोक्यावर पाच-सहा कळशा ओतल्या आणि मुलाचे कपडे आणून दिले. मुलगा बोटीवर होता. अर्धी चड्डी आणि छातीवर ‘श्री रवळनाथ क्रिकेट संघ’ लिहिलेला निळा शर्ट. मी कपडे बदलायला घरामागे गेलो आणि तिथेच थांबलो.

घरामागून एक लहान व्हाळ, ओढा, खाडीत उतरत होता. त्याच्या दोन्ही काठांवर रोपं होती. हातभर उंचीची, ताठ, प्रत्येकाला दोन-दोन कोवळी पानं फुटलेली. आणि प्रत्येकाला पिवळी पट्टी. मी मोजली. बेचाळीस.

“ही माझी रोपं आहेत,” मी म्हणालो. जीव वाचून पुरती पंधरा मिनिटं झाली नव्हती, अंगात तिच्या मुलाचा शर्ट होता, आणि मी सुरुवात आरोपानं केली.

“तुजीच,” भागीकाकी म्हणाली.

“म्हणजे तुम्ही नेलीत.”

“आडवी पडलेली ती उचललंय. थय कुजतली हुती. कांदळ हय जगता, व्हाळाच्या तोंडाक, जरा गोडा पाणी असता थय.” तिनं पलीकडच्या मोठ्या झाडांकडे बोट केलं. “ती माज्या सासऱ्यान लायलली. काठ धरून ठेवल्यानी म्हणान ह्या घर उभा असा.”

“पोलिसांना का नाही सांगितलंत?”

“सांगितलंय. तेनी इचारल्यानी, रोपा नेलंस काय? मी म्हटलंय, हो. पुढचा कोणी आयकूक नाय.”

 बोलण्यासारखं मला बरंच पाठ होतं, पण त्यातलं काहीच इथलं नव्हतं.

तेवढ्यात बंधाऱ्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

मृणालताई उतरल्या, साहेब उतरले. साहेबांनी काळा चष्मा काढला आणि खाडीकडे पाहिलं. चढत्या पाण्यावर शेकडो हिरवे शेंडे डोलत होते. माझं गणित बरोबर आलं होतं.

“वा!” साहेब म्हणाले. “दोन महिन्यांत एवढं?”

“माती चांगली आहे,” मी म्हणालो.

मृणालताई माझी अर्धी चड्डी आणि रवळनाथाचा शर्ट बघत होत्या. साहेबांनीही पाहिला. “हे मला फार आवडलं,” ते म्हणाले. “अधिकारी असा पाहिजे. गावात मिसळलेला.”

एव्हाना बायका बंधाऱ्यावर जमल्या होत्या. भागीकाकी पदरानं हात पुसत पुढे उभी होती. तिच्या नखांत अजून माझ्या पायाचा चिखल होता. साहेबांनी तिलाच विचारलं, “काय मावशी, आवडलं का जंगल?”

मी डोळे मिटले. तिला एक वाक्य पुरलं असतं.

“ह्येंकाच इचारा,” ती म्हणाली. “रोज थयच असतत.”

मी डोळे उघडले. तेवढ्यात पहिली फांदी सुटली. खोचलेली जागा पाण्यानं सैल झाली असणार. ती आडवी झाली आणि आमच्या समोरून शांतपणे वाहत गेली. तिच्यामागून आणखी तीन.

“ते काय?” साहेबांनी विचारलं.

“ती... नैसर्गिक गळ,” मी म्हणालो. “लागवडीत काही टक्के धरलेलीच असते.”

साहेबांनी मान हलवली आणि खिशातली छोटी वही काढून ते शब्द लिहून घेतले. मृणालताईंनी आधीच माहीत असल्यासारखी मान डोलावली. मला तोवर पकडलं जाण्याची भीती वाटत होती. आता वेगळीच भीती वाटली. मी काहीही बोललो तरी हे लोक लिहून घेणार होते.

“ठरलं,” साहेब वही मिटत म्हणाले. “पुढच्या वर्षी पन्नास हजार. हा सगळा चिखल हिरवा करून टाकू. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.”

 शालननं हातातली पाटी खाली ठेवली. भागीकाकीनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती असती किंवा राग असता तर मला काहीतरी शास्त्रीय सुचलं असतं. ती फक्त बघत होती, मी काय करतो ते.

मी धैर्यानं पुढे झालो असं लिहायला आवडलं असतं. खरं म्हणजे मी उतारावरून घसरलोच. घसरलो तो सरळ पाण्यात, पहिल्या रांगेपाशी. हाताला फांदी लागली, ती घेऊन वर आलो. पुन्हा ओला, पुन्हा चिखलानं भरलेला. फांदी साहेबांपुढे धरली.

“ह्याला मूळ नाही,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“ही फांदी आहे. कोयतीनं तोडलेली. अशा सहाशे आहेत. मी तोडल्या, पलीकडच्या वनातल्या, काल आणि परवा. रोपं मेली साहेब. ही जागा त्यांची नाही. इथे तिसऱ्या होत्या, त्याही मी जाळं लावून मारल्या.”

साहेबांनी फांदी हातात घेतली नाही. “सगळी मेली?”

“बेचाळीस जगली. ह्या बाईंच्या घरामागे आहेत. त्यांनी लावली.”

साहेबांनी पाण्याकडे पाहिलं. मग चष्मा घातला आणि गाडीत जाऊन बसले. दार लावल्याचा आवाज फार मोठा नव्हता, तरी मला तो अजून ऐकू येतो.

“हे तू मला काल सांगू शकला नसतास?” मृणालताईंनी विचारलं.

“काल मला माहीत नव्हतं.”

“तू फांद्या तोडल्यास, हे तुला काल माहीत नव्हतं?”

 मृणालताई वाईट नव्हत्या. त्या भागीकाकीबरोबर घरामागे गेल्या, रोपांपाशी वाकून उभ्या राहिल्या, एका पानाला हात लावला. परत येऊन म्हणाल्या, “कागदावर पाच हजार आहेत, बसवराज. मी आता हे कुठे बसवू?” आणि गेल्या. मला काढून टाकल्याचं पत्र आठवड्यात आलं. त्यात माझ्या नावाची वेलांटी चुकली होती, आणि तेवढ्यावरून मी दोन दिवस दुखावलेला होतो.

पन्नास हजारांची गोष्ट मात्र त्या बंधाऱ्यावरच संपली. जाळं आणि बांबू काढायला आम्हाला सहा सुकत्या लागल्या. आम्हाला म्हणजे बायकांना. मी काठावर जाळं गुंडाळत होतो, कारण मला चिखलात उतरू द्यायचं नाही असं ठरलं होतं. त्या वर्षी त्या भागात तिसऱ्या मिळाल्याच नाहीत. शालनला बाजारात दुसऱ्याची मासळी विकायला बसावं लागलं, आणि तिनं मला ते कधी विसरू दिलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर दाणा, म्हणजे तिसऱ्यांची पिल्लं, दिसायला लागला, बोटाच्या पेराएवढा. तो वाढेपर्यंत त्या पट्ट्यात पाटी न्यायची नाही, असं बायकांनी ठरवलं. मी म्हणालो, नियम लिहून काढू या. भागीकाकी म्हणाली, लिहायचं तर लिही, पाळायचं आम्ही बघतो. मी तिथे तीन वर्षं राहिलो, शाळेत विज्ञान शिकवलं, सुकतीला तिसऱ्या मोजायला शिकलो आणि पोहायलाही. हल्ली मी किनाऱ्यांचे आराखडे तपासतो. नकाशावर कोरी जागा दिसली की मी तिथल्या बायकांना भेटल्याशिवाय पेन्सिल उचलत नाही. लोकांना ती माझी पद्धत वाटते. ती भीती आहे.

पण एक काम त्या सगळ्याच्या आधी होतं. साहेब गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भागीकाकीकडे गेलो आणि म्हणालो, “ठाण्यात चला. तक्रार मागे घ्यायचीय.” ती पाटी घेऊन निघाली होती. तिनं पाटी ठेवली, लुगडं बदललं, आणि दोन मैल माझ्या पुढे चालत आली.

हवालदारांनी कागद पुढे सारला. “कारण लिहा.”

मी लिहिलं: ‘रोपे चोरीस गेलेली नाहीत. गैरसमजातून तक्रार दिली गेली.’

भागीकाकीला वाचता येत नव्हतं. ती टेबलाशी उभीच होती. बाकाकडे तिनं पाहिलंही नाही. “वाचून दाखव,” ती म्हणाली.

मी वाचलं.

“कोणी दिली गेली?”

“मी दिली.”

“मगे तसा लिव. आणि माजा नाव खय असा?”

“तुमचं नाव कशाला उगाच ह्यात?”

“तक्रारीत हुता ना? मगे ह्यातय व्हया.”

मी नवा कागद मागितला. हवालदार वैतागले. “बाई, एक सांगा. रोपं नेली होती की नव्हती?”

“नेली हुती,” ती म्हणाली. “खोटा कित्याक लिवचा?”

“मग ही चोरीच झाली की! मागे कशी घ्यायची?” त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही शिकलेले ना? नीट ठरवून या.”

मी तिसरा कागद घेतला. ह्या वेळी बराच वेळ लागला. बाहेर बाजाराला जाणाऱ्या बायका दारातून डोकावून पुढे जात होत्या. लिहून झाल्यावर मी वाचलं:

‘रोपे मी, बसवराज बिराजदार याने, चुकीच्या जागी लावली. ती मरत होती. श्रीमती भागीरथी रामा मालंडकर यांनी त्यांतली काही नेली, म्हणून ती जगली. तक्रार मी न विचारता केली.’

हवालदारांनी कागद फिरवून पाहिला. “असं कुणी लिहून देत नाही,” ते म्हणाले, पण शिक्का उचलला.

“थांबा,” भागीकाकी म्हणाली. ती दारात बघत होती. तिथे आता सात-आठ जणी उभ्या होत्या. “परत एकदा वाच. मोठ्यान.”

मी उभा राहिलो आणि दाराकडे तोंड करून मोठ्यानं वाचायला लागलो.